‘अनाथ’ औषधाचे धनाढ्य आईबाप

आंतरराष्ट्रीय आरोग्य अहवालांचे मराठीकरण करताना दोन शब्दप्रयोग वारंवार आडवे येतात: ‘दुर्लक्षित रोग’ आणि ‘अनाथ औषध’. दोन्ही वरकरणी निरुपद्रवी, किंबहुना करुणेने ओथंबलेले. परंतु ‘दुर्लक्षित’ म्हटले की दुर्लक्ष करणारा वाक्यातून अलगद निसटतो आणि ‘अनाथ’ म्हटले की आईबाप मरण पावले असावेत असा समज होतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. या अनाथाचे आईबाप हयात होते, धनाढ्य होते आणि त्यांनी पोर जाणूनबुजून उकिरड्यावर टाकले होते.

मध्य आफ्रिकेतील निद्रारोगाचाच इतिहास पाहा. नदीकाठच्या दाट झाडीत त्सेत्से माशी राहते. मासे धरणारा, पाण्याला जाणारी, शेतात राबणारा असा प्रत्येक कष्टकरी तिच्या टप्प्यात येतो. तिच्या दंशातून ट्रिपॅनोसोम नावाचा एकपेशीय परोपजीवी माणसाच्या रक्तात शिरतो. आधी ताप, डोकेदुखी, सांधेदुखी. पुढे काही महिन्यांनी वा वर्षांनी तो मेंदूपर्यंत पोहोचतो. मग दिवसा झापड, रात्री जाग, भ्रम आणि उपचार न झाल्यास बहुधा मृत्यू.

हा उष्ण कटिबंधातील निसर्गाचाच कोप, असे सांगणाऱ्या पंडितांची आजही वाण नाही. त्यांना एकच प्रश्न विचारावा. माशी तर युगानुयुगे तेथेच होती. मग युगांडा आणि कांगो खोऱ्यात लाखो बळी घेणारी महासाथ १८९६ ते १९०६ याच काळात का उसळली? कारण हाच युरोपीय वसाहतवादाच्या मुसंडीचा काळ होता. १८८५ ते १९०८ या काळात कांगो ही बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याची खासगी जहागीर होती. रबरासाठी गावेच्या गावे जंगलात पिटाळली गेली, शेती ओस पडली, माणसे उपाशी आणि परागंदा झाली. परोपजीवी माशीने वाहिला. पण उपाशी माणसांना तिच्या तावडीत लोटले ते रबराच्या नफ्याने.

हा रोग अजिंक्य नव्हता. गावोगाव फिरून रक्त तपासणाऱ्या पथकांनी १९६० च्या दशकात तो जवळपास नाहीसा केला होता. पुढे यादवी युद्धांनी आणि मोडकळीस आलेल्या सार्वजनिक आरोग्यसेवेने हे सारे धुळीस मिळवले. १९९८ साली सुमारे ४०,००० रुग्णांची नोंद झाली. नोंदीबाहेर आणखी ३,००,००० असावेत असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता.

या रुग्णांच्या वाट्याला कोणते औषध आले? मेंदूपर्यंत पोहोचलेल्या रोगावर १९४९ पासून वापरात असलेले मेलार्सोप्रोल, म्हणजे आर्सेनिकचे संयुग. शिरेतून जाताना ते आगीसारखे जाळी आणि दर वीस रुग्णांमागे सुमारे एक जण औषधानेच दगावे. याहून सुरक्षित औषध नव्हते काय? होते! कर्करोगासाठी शोधलेले एफ्लोर्निथिन निद्रारोगावर गुणकारी ठरले होते आणि १९९० साली अमेरिकेत त्याला मंजुरीही मिळाली होती. परंतु रोगी निर्धन. म्हणून १९९० च्या दशकाच्या मध्यास त्याचे उत्पादन थांबविण्यात आले. आणि २००० साली तेच द्रव्य अमेरिकेच्या बाजारात अवतरले, ते स्त्रियांच्या चेहऱ्यावरील केसांची वाढ रोखणाऱ्या मलमाच्या रूपाने! कांगोतील स्त्रीच्या प्राणाला जी किंमत नव्हती, ती अमेरिकेतील स्त्रीच्या ओठांवरील लवेला होती. बाजाराची नीतिमत्ता याहून स्पष्ट शब्दांत कोणी सांगावी?

सीमारहित डॉक्टरांच्या संघटनेने आणि इतरांनी जगभर गिल्ला केला, तेव्हा २००१ साली अव्हेंटिस कंपनी हे औषध जागतिक आरोग्य संघटनेला पुरविण्यास राजी झाली. भांडवलशाहीचे कैवारी या दानाकडे बोट दाखवतात. दानाने प्राण वाचले हे आम्ही नाकारीत नाही. परंतु जे दान म्हणून मिळते ते मर्जी फिरली की थांबते. हक्काचे तसे नसते.

खासगी नफ्याविना संशोधन होत नाही, हा त्यांचा दुसरा युक्तिवाद. आज निद्रारोगावर तोंडाने घ्यावयाच्या गोळ्या आहेत. फेक्सिनिडाझोल हे त्यांचे नाव. हे द्रव्य एका बड्या कंपनीने १९८० च्या दशकात अडगळीत टाकले होते. २००३ साली स्थापन झालेल्या एका ना-नफा संस्थेने ते शोधून काढले, सार्वजनिक आणि देणगीच्या पैशातून त्याच्या चाचण्या केल्या आणि २०१८ साली त्याला मान्यता मिळाली. त्या वर्षापासून नोंदलेले वार्षिक रुग्ण हजाराच्या खाली आहेत. म्हणजे नफ्याने जे फेकले, तेच नफ्याविना उपयोगी ठरले.

कांगो दूर आहे असे वाचकांनी समजू नये. बिहारच्या गरिबांना ग्रासणारा काळा आजार वाळूमाशी पसरवते. त्यावर पॅरोमोमायसिन या जुन्या प्रतिजैविकाला २००६ साली भारतात मंजुरी मिळाली, तीही ना-नफा संस्थेच्याच खटपटीने. याच देशात १९५४ साली पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. १९७० च्या पेटंट कायद्याने स्वस्त औषधांची वाट मोकळी केली. त्या कारखान्याला पुढे दुर्दशा आली आणि २००५ साली औषधांवरील उत्पादन-पेटंट परत आले.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे: गरिबांच्या रोगांवरील औषधे सार्वजनिक पैशाने शोधा, सार्वजनिक कारखान्यांत बनवा आणि हक्क म्हणून द्या. माशीला नफातोटा कळत नाही. ज्यांना कळतो, जाब त्यांनाच विचारला पाहिजे.