देणगीबरोबर वेळही हवा

परदेशातून परतल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर-व्यवहाराचा सल्ला देणारा व्यवसाय काढला होता, हे आपण क्वचितच सांगतो. जात कळताच गिऱ्हाईक दुरावले आणि तो बंद पडला. १९१८ साली ते सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पुढे १९२५ ते १९२८ या काळात वकिली सांभाळून त्यांनी बाटलीबॉय यांच्या लेखाशास्त्र प्रशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकविला. महाडचा सत्याग्रहही त्याच काळातला, १९२७ चा.

आज उमरेडच्या कोळसा खाणीपासून पुण्याच्या कंपन्यांपर्यंत आपले माजी विद्यार्थी अधिकारपदांवर आहेत. त्यांच्या देणग्यांबद्दल संस्था ऋणी आहे. परंतु करार कसा वाचावा, ताळेबंदातून काय ओळखावे, मुलाखतीत काय पाहिले जाते, हे माझ्यासारखा इतिहासाचा शिक्षक अनुभवाने सांगू शकत नाही. ज्यांच्या घरात कोणी व्यापार केला नाही, त्या मुलांना हे कोण सांगणार?

‘नोकरीतून सवड मिळत नाही’ हे उत्तर बाबासाहेबांच्या अनुयायांना शोभत नाही. प्रत्येक अधिकाऱ्याने महिन्यातील एक रविवार या वर्गांना द्यावा, एवढीच अपेक्षा आहे.