वैनगंगेच्या काठावरचा चाचा

भंडाऱ्याला काय काय आहे? तांदूळ आहे, पितळेची भांडी आहेत, मोजता येणार नाहीत इतकी तळी आहेत, वैनगंगा आहे. समुद्र मात्र नाही. आणि तरीही यंदाच्या पावसाळ्यात माझा भंडाऱ्याचा मामेभाऊ रोज रात्री अकरा वाजता कॅरिबियन समुद्रात जहाज घालतो. दिवसा वरठीच्या बाजूला एका कारखान्यात शिफ्ट इंजिनिअर, रात्री दर्यावर्दी चाचा!

गेम जुनाच आहे, ‘सिड मायर्स पायरेट्स’. पहिला अवतार १९८७ चा, आणि हा खेळतोय तो २००४ चा रीमेक. आजही स्टीमवर मिळतो, साध्या लॅपटॉपवर पळतो. (एक फुकटचा सल्ला : लॅपटॉपला नंबरपॅड नसेल तर वेगळा यूएसबीवाला घेऊन या. नाहीतर तलवारबाजीत बोटांच्या गाठी होतील.)

परवा त्याचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही. ‘‘दादा, मी बार्बाडोसकडे जाऊन राहिलो तं जहाज पुढं सरकूनच नाही राहिलं! हँग झालं का?’’

हँग नाही रे बाबा, वारा आहे तो. या गेममधली अर्धी स्ट्रॅटेजी वाऱ्यातच आहे, आणि नव्वद टक्के नवे खेळाडू तिथेच मार खातात. कॅरिबियनमध्ये वारा बहुतेक वेळ पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. म्हणजे पश्चिमेला जाताना सुसाट आणि परतताना बैलगाडी. म्हणून मोहीम पूर्वेच्या बेटांपासून सुरू करायची आणि लुटत लुटत पश्चिमेला उतरायचं. उलटं केलंत तर महिने नुसते प्रवासात जातात आणि खलाशी कुरकुरायला लागतात.

जहाजाचंही तेच. नव्या माणसाला गॅलियन दिसलं की लाळ सुटते. एवढ्या तोफा, एवढी मोठी कोठारं! पण वाऱ्याविरुद्ध ते धूड हलत नाही. त्यापेक्षा स्लूप घ्या. छोटं, चपळ, उथळ पाण्यातून निसटणारं. शत्रूच्या तोफा बाजूंना असतात, त्यामुळे त्याच्या पिछाडीला चिकटून राहिलात तर तो तुमचं फारसं काही वाकडं करू शकत नाही.

आता गंमत ऐका. ही आयडिया गेमवाल्यांची नाही. आपल्या कोकण किनाऱ्यावर सरखेल कान्होजी आंग्रे यांचं आरमार तीनशे वर्षांपूर्वी नेमकं हेच करायचं. त्यांच्याकडे दोन प्रकारची मुख्य जहाजं. गुराब मोठी, दोन-तीन डोलकाठ्यांची, नाळेतून सरळ पुढे मारा करणाऱ्या तोफांची. गलबत लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला की कंपनीचं भलंमोठं जहाज जागच्या जागी डुलत बसायचं. मग गलबतं वल्ही मारत गुराबांना ओढत आणायची, थेट त्याच्या पिछाडीला. आधी डोलकाठ्या आणि शिडं फोडायची, जहाज पांगळं झालं की माणसं वर चढवायची.

इथेच दुसरी टिप आली. जहाज बुडवू नका! भाऊसाहेब पहिल्या आठवड्यात सरळ गोळे मारून सगळी जहाजं तळाला पाठवत होते आणि वर ‘‘पैसाच नाही मिळून राहिला’’ म्हणून तक्रार. बुडालेल्या जहाजातली साखर तुम्हाला कोण आणून देणार? साखळगोळ्यांनी शिडं फाडा, छर्ऱ्यांनी खलाशी कमी करा, मग भिडा. मात्र हे दोन्ही दारूगोळे आधी बंदरात जहाजावर बसवून घ्यावे लागतात, त्यात कंजुषी नको. आणि जिंकलेली सगळी जहाजं मागे बांधून फिरू नका. ताफा सगळ्यात संथ जहाजाच्या चालीनं चालतो. बंदर दिसलं की विका.

खलाशांचं गणित भंडाऱ्याच्या माणसाला समजवायला मला दोन मिनिटं लागली नाहीत. धानाच्या कापणीला मजूर लावलेत, पीक घरी आलं, आणि मजुरी ‘पुढच्या हप्त्यात बघू’ म्हणालात तर काय होईल? तेच इथे होतं. लूट वाटायला उशीर केलात तर बंड. वाटलीत तर खलाशी पांगतात, मुख्य जहाज तेवढं उरतं, काही महिने निघून जातात आणि तुमचा कॅप्टन म्हातारा होतो. हो, या गेममध्ये वय वाढतं! केस पिकतात, तलवारीचा हात मंदावतो. म्हणून चार लांबलचक मोहिमा करा, दहा छोट्या नकोत. स्वयंपाकी आणि शल्यवैद्य सापडले तर सोडू नका, माणसं खूश आणि जिवंत राहतात. (गव्हर्नरच्या मुलीबरोबर नाचताना तिच्या पायाकडे नको, हाताच्या खुणेकडे बघा. बाकी तुमचं नशीब.)

राजकारणाचा भाग मला सगळ्यात आवडतो. स्पेन, इंग्लंड, फ्रान्स, हॉलंड. एकाला लुटलंत की त्याचा शत्रू तुम्हाला पदव्या आणि जमीन देतो. एकाच्या दरबारात चोर, दुसऱ्याच्या दरबारात सरदार. हेन्री मॉर्गन आठवतो? स्पॅनिश शहरं लुटली, आणि १६७४ मध्ये इंग्लंडच्या राजानं त्याला ‘सर’ केलं, वर जमैकाचा डेप्युटी गव्हर्नर! आणि कान्होजी? छत्रपतींचे नेमलेले सरखेल. आपल्या समुद्रातून जायचं तर दस्तक घ्या, म्हणजे परवाना घ्या, एवढाच त्यांचा आग्रह. असे परवाने पोर्तुगीजही द्यायचे. पण कंपनीच्या कागदांत कान्होजी कोण? ‘पायरेट’! १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२० मध्ये विजयदुर्गावर कंपनीनं हल्ले केले, १७२१ मध्ये पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाब्यावर चालून गेली. तिन्हीदा हात हलवत परत. हरलेल्या माणसाने केलेला हिशोब म्हणजे तो शब्द, असं माझं स्पष्ट मत आहे.

भावाला हे सांगितलं तर तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, ‘‘मंग आपलं आरमार गेलं कसं, दादा?’’

त्याचं उत्तरही स्ट्रॅटेजीतच आहे, आणि ते खेळताना मला नेहमी टोचतं. १७५६ चा फेब्रुवारी. विजयदुर्ग कान्होजींचे चिरंजीव तुळाजी यांचा. समुद्राकडून ॲडमिरल वॉटसनचा ताफा, बरोबर क्लाइव्ह, आणि जमिनीकडून कोण? पेशव्यांची फौज! तुळाजींचं आणि पेशव्यांचं फाटलेलं होतं. आंग्र्यांची जहाजं किल्ल्याखाली एकमेकांना खेटून उभी होती. तोफगोळ्यानं एक जहाज पेटलं, तेही इंग्रजांकडूनच जिंकून आणलेलं. त्याच्यावरून आग दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, आणि बघता बघता सगळं आरमार खाक. वारा ओळखणारी, वल्ह्यांनी निसटणारी ती जहाजं बंदरात बांधलेली असताना जळाली. खुल्या समुद्रात त्यांना गाठणं कंपनीला फारसं जमलं नव्हतं.

यावर भाऊ काय म्हणावा? ‘‘आपसात भांडले न!’’

आता त्याला चाचेगिरी पुरेशी वाटत नाहीये. २००९ चा ‘एम्पायर : टोटल वॉर’ उतरवून घेतलाय, त्यात १७०० सालापासून मराठे म्हणून खेळता येतं. काल रात्री साडेबाराला मेसेज : ‘‘दादा, आरमार बांधू का आधी मोगल निपटवू?’’ मी लिहिलं, मोगल जमिनीवर आहेत, ते दाराशी येतील, आधी तेच बघ. पण बंदरात दोन जहाजं तरी ठेव, आणि एकमेकांना खेटून उभी करू नकोस.