चिमटा आपल्या हाती, माऊस कुणाच्या?

मैत्रिणींनो, आपल्या मौद्यासारख्या तालुक्याच्या गावी रेडियमचं दुकान असतंच. गाडीवरचं 'आईचा आशीर्वाद', दुकानाच्या काचेवरचं नाव, महालक्ष्म्यांच्या मागे लावायची अक्षरं, रुखवतातल्या पाट्या, सगळं तिथं कापून मिळतं. अशा दुकानात एखादी बाई कामाला असलीच, तर ती काय करते? कापून आलेल्या पट्टीवरचं नको असलेलं रेडियम चिमट्यानं सोलत बसते. दिवसभर मान खाली. कॉम्प्युटरवर मात्र पोरगा. जास्त पैसे कुणाच्या कामाला, हे काय सांगायला हवं?

बचत गटांच्या बैठकांना जाते तेव्हा मी हेच विचारते, की चिमटा आपल्या हाती, मग माऊस का नाही? उत्तर ठरलेलं, "ताई, ते डिझायनिंगचं काम, आपल्याला कसं जमणार?" मला हे मुळीच पटत नाही.

कापणाऱ्या मशीनला चित्र कळत नाही, कळते फक्त रेषा. जिथून रेषा जाईल तिथून तिचं पातं जातं. कोरलड्रॉसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ही रेषा बिंदूंवर उभी असते. त्या बिंदूंना 'नोड' म्हणतात. बिंदू ओढला की रेषा सरकते, त्याची दांडी फिरवली की वळण बदलतं. एखाद्या फोटोवरून सॉफ्टवेअरनं आपोआप रेषा काढली, तर गरज नसताना शेकडो बिंदू पडतात. मग पातं अडखळत चालतं आणि कडा दातेरी निघते. जादा बिंदू पुसायचे, वळण गोल करायचं, रेषेचं तोंड उघडं राहिलं असेल तर बंद करायचं. खरं कसब एवढंच, पण ते हाताला लागतं सरावानंच.

आपल्या देवनागरीला तर या कसबाची जास्तच गरज. एखादा शब्द टाइप केला की पडद्यावर अक्षरं शिरोरेखेनं जोडलेली दिसतात. प्रत्यक्षात प्रत्येक अक्षराचा तुकडा वेगळा असतो आणि तो शेजारच्या तुकड्यावर थोडा चढलेला असतो. फाइल तशीच पाठवली तर पातं प्रत्येक तुकड्याभोवती फिरतं, शिरोरेखेत चिरा पडतात आणि सोलताना शब्द सुटा होतो. म्हणून आधी अक्षरांच्या रेषा करायच्या, मग 'वेल्ड' करून सगळे तुकडे एकजीव करायचे. पुठ्ठ्यातून 'आनंद' कापायचा असेल तर अनुस्वार शिरोरेखेला जोडावा लागतो, नाहीतर तो गळून पडतो. रांगोळीचा छाप करायचा असेल तर 'व'च्या पोटातला तुकडा धरून ठेवायला बारीक पूल सोडावे लागतात. हे सगळं जिला कळतं तिचं काम वाया जात नाही.

आता सांगा, यातलं आपल्याला परकं काय आहे? ठिपके मोजून, हात न थरथरता वळण काढणं आपल्याला लहानपणापासून येतं. ब्लाऊजच्या मुंढ्याचा गोल चुकला की बाही कशी ओढते, हेही आपणच जाणतो. फ्रान्सच्या रेनॉ मोटार कंपनीतले इंजिनिअर पिअर बेझिए यांनी १९६०च्या दशकात गाडीच्या पत्र्याची वळणं आखायला जी रीत वापरली, तीच आज या बिंदूंच्या मागे आहे. ते शास्त्र त्यांचं, पण वळणाची नजर तर आपल्यालाही आहे ना!

खेड्यात हे होत नाही, असंही नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेच्या एमआयटी संस्थेच्या सहकार्यानं तिथं २००२ मध्ये फॅब लॅब आली. कॉम्प्युटरवर आखायचं आणि मशीनवर कापायचं, अशी ही कार्यशाळा मोठ्या शहराच्या आधी एका गावात उभी राहिली.

आणि काम आहे का? आहे, फक्त ते बदललंय. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना सरकारी पद्धतीची नंबर प्लेट बसवूनच मिळते, त्यामुळे रेडियमवाल्याचा तो धंदा आटला. पण राज्यानं २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातली, तेव्हापासून कागदाच्या, पुठ्ठ्याच्या कापीव मखरांना वाव आला. २०२२च्या कायदा दुरुस्तीनं दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. म्हणजे नीट कापलेली मराठी अक्षरं हवीतच.

आपल्याकडे मात्र गाडी उलटी चालते. गटाला कर्ज मिळालं की आधी मशीन येतं आणि शिकवायला दोन दिवसांचा माणूस. तो चालू-बंद दाखवून जातो. पुढे फाइल करून घ्यायला नागपूर गाठायचं आणि नफा तिथंच ठेवून यायचं. शेवटी मशीनवर चादर पडते. लोक म्हणतात, बायकांना जमलं नाही! अहो, शिकवलं काय होतं?

म्हणून माझं म्हणणं आहे, आधी रेषा, मग मशीन. इंकस्केप नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्यात बिंदूंचं हे सगळं काम होतं. एमएस-सीआयटी केलेली मुलगी प्रत्येक गल्लीत आहे, तिला सोबत घ्या. महिनाभर रोज एकच शब्द घ्या, जोडा, गुळगुळीत करा. कापायला दुसऱ्याचं मशीन भाड्यानं चालेल. प्रशिक्षण द्यायला कुणी आलं तर स्पष्ट विचारा, "रेषा दुरुस्त करायला शिकवणार का?" नाही म्हणाले तर मशीनच्या कागदावर सही करू नका. आणि पहिली ऑर्डर आली की फाइलचे पैसे वेगळे आणि सोलण्याचे वेगळे लावा. आपल्या कामाचा भाव आपणच सांगायला हवा.