आधी परत द्या, मग क्षमा मागा

मे महिन्यात आमच्या वस्तीत सुट्टीतली बायबल शाळा भरते. आठ-दहा दिवस. गाणी, चित्रं, बिस्किटं आणि रोज एक धडा. धडा फिरून फिरून एकाच जागी येतो: क्षमा करा. ख्रिस्ती घरांतली पोरं जातात, तशी बौद्धांची आणि मातंगांचीही जातात, कारण सुट्टीत त्यांना दुसरं कोण विचारतंय? आपले काही कार्यकर्ते यावर दात काढतात. म्हणतात, एका गालावर बसली की दुसरा पुढं करायला शिकवतायत, नवी गुलामगिरी! तिकडं काही पाळक म्हणतात, तुमचे जयभीमवाले पोरांना नुसता द्वेष शिकवतात. मला या दोघांशीही भांडायचंय.

मी सूतगिरणीत रिंगखात्यात कामाला आहे. शाळा नववीत सुटली. पुढं जे वाचलं ते रात्रपाळी उतरल्यावर. नवा करारही तसाच वाचला, फुकट मिळालेला, बारीक टायपाचा. पंडितासारखा नाही वाचला. कामगारासारखा वाचला: कुणी किती दिलं, कुणी किती दाबून ठेवलं. आणि माझ्या ध्यानात आलं, पोरांना जे सांगितलं जातं ते पुस्तकातलं अर्धंच आहे. नेमकं आपल्या कामाचं अर्धं गाळलेलं आहे.

पहिली गोष्ट उधळ्या पुत्राची. धाकटा पोरगा बापाकडनं वाटणी घेतो, परमुलखात उडवतो, डुकरं राखायची पाळी आल्यावर परततो. बाप धावत जाऊन गळ्यात पडतो. झगा, अंगठी, मेजवानीला पुष्ट वासरू. गोष्ट चांगली आहे. बापाचं काळीज मोठं आहे. पण मित्रांनो, ज्या घरात वाटायला इस्टेट आहे त्या घरातली ही गोष्ट. गेलं ते बापाचं गेलं, बापानं सोडलं. सोडायचा हक्क त्याचा. त्याच घरात मोलकरी आहेत. त्यांचं कुणी बुडवलं असतं तर बापानं ते परस्पर माफ करायचं काय? आणि आमच्या वस्तीतल्या पोराला या गोष्टीत बसवता कुठं? बापाच्या जागी बसवावं तर त्याच्याकडं ना अंगठी ना वासरू. लेकाच्या जागी बसवावं तर त्यानं उडवलं काय? आमच्या बापजाद्यांनी मेलेली ढोरं ओढली ती काय स्वतःची इस्टेट उधळून?

बाबासाहेबांनी नेमकं इथंच बोट ठेवलं होतं. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेले लेख महाराष्ट्र शासनानं १९८९ साली छापलेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या ५व्या खंडात आहेत. त्यांचा आक्षेप असा, की तुझं पतन तुझ्या पापामुळं झालं असं एकदा माणसाला पटवलं, की भोवतालची परिस्थिती बदलायची त्याची ऊर्मीच मरते. मग तो देवाकडं माफी मागत बसतो, आणि ज्यांनी त्याला गाडला त्यांच्याकडं हिशेब मागायचं राहून जातं. येशूच्या द्वेषापोटी नव्हे, आपल्या माणसांच्या काळजीनं बाबासाहेबांनी हे लिहिलं. पाळकांनी ते एकदा वाचावं.

दुसरा धडा मत्तयच्या अठराव्या अध्यायातला. पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करायची, सात वेळा? उत्तर येतं, सातदा नव्हे, त्याच्या सत्तर पट. हा आकडा पोरांना तोंडपाठ असतो. पण त्याच अध्यायात, त्या आकड्याच्या पाच-सहा ओळी आधी काय आहे? भावानं अपराध केला तर जा आणि त्याचा अपराध त्याच्या तोंडावर सांग. ऐकलं नाही तर एक-दोघांना साक्षीला ने. तरी ऐकलं नाही तर सगळ्या मंडळीला सांग. मंडळीचंही ऐकलं नाही तर तो बाहेरचा समज. बघा की! तक्रार, साक्षीदार, जाहीर सभा, बहिष्कार. हे तर आपलंच काम झालं. सत्तर पटीचा आकडा या जिन्याच्या वरच्या पायरीवर आहे. पोरांना थेट वर उचलून ठेवतात आणि खालचा जिना काढून घेतात.

आता जक्कय. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला जकातदारांचा मुख्य. यरीहो गावचा, श्रीमंत, ठेंगणा. गर्दीत येशू दिसेना म्हणून उंबरावर चढला. मराठी बायबलात उंबरच आहे, आपल्या ओळखीचा. पोरं ही गोष्ट नाटक करून दाखवतात, एक पोरगं बाकावर चढतं, बाकीची हसतात. पण तो झाडावरनं उतरल्यावर काय करतो? निम्मी मालमत्ता गोरगरिबांना देतो, आणि ज्याला ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करतो म्हणून सगळ्यांसमोर सांगतो. मोशेच्या नियमशास्त्रात लुबाडणारा स्वतःहून कबूल झाला तर मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा एवढंच होतं. यानं चौपट म्हटलं. येशू त्याच्या घरी आधीच गेला होता, हे खरं. दार आधी उघडलं. पण या घराला आज तारण मिळालं असं तो म्हणाला ते चौपटीचा शब्द बाहेर पडल्यावर. क्षमा आणि समेट यांच्यामधी परतफेडीची मोरी आहे, ती ओलांडल्याशिवाय पलीकडं जाता येत नाही. पोरांच्या नाटकात उंबर राहतो, चौपट गळते.

ही नुसती पुस्तकातली तक्रार नव्हे. गेल्या साली वस्तीतल्या एका पाचवीतल्या पोराला शाळेत डब्यावरनं जातीची शिवी मिळाली. गुरुजींनी दोघांना उभं केलं, हात मिळवायला लावले, भांडण मिटलं म्हणाले. शिवी देणाऱ्याला एक शब्द विचारला नाही. रविवारच्या वर्गात ताईंनी या पोराचं कौतुक केलं: बघा, यानं क्षमा केली. कौतुक झालेलं पोरगं दुसऱ्या दिवसापासून डबा न्यायचं बंद झालं.

मी ताईंकडं गेलो. त्या माझ्या आईच्या वयाच्या, वस्तीतल्या निम्म्या पोरांना अक्षर त्यांनी लावलंय. त्या म्हणाल्या, "अरे, तू कविता करतोस, तुला एवढं कळंना? राग पोटात ठेवला तर जाळतो कुणाला? त्या शिवी देणाऱ्याला न्हवं, ह्या लेकराला."

मी म्हटलं, "ताई, तुमचं खरं हाय. पण राग गेला असता तर डबा का बंद झाला?"

त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मग मी काय करू म्हणतोस? शाळेत जाऊ?"

"व्हय. चला की."

गेलो. ताई पुढं, पोराची आई आणि मी मागं. गुरुजींना दुसऱ्या पोराच्या बापाला बोलवावं लागलं. बाप आला, हसला, पोरंच हायत म्हणाला. माफी काही आली नाही. पण आपल्या बाजूनं तीन माणसं साक्षीला उभी राहिली हे त्या लेकरानं डोळ्यांनी बघितलं. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेलं. ताईंनी त्या दिवशी मत्तयच्या अठराव्या अध्यायाची खालची पायरी शिकवली, पुस्तक न उघडता.

राग पोराला जाळतो हे ताईंचं म्हणणं मी खोडत नाही. पण रिंगखात्यात धागा तुटला की बॉबिनवरचं टोक वर रोलरपाशी नेऊन तिथनं येणाऱ्या कापसाला लावावं लागतं. वरनं कापूसच येत नसेल तर टोक हातात धरून पाळीभर उभं राहा, सांधा बसत नाही. आमची पोरं पिढ्यान् पिढ्या टोक धरून उभी आहेत.

सांधा कसा बसतो ते बघायला कोल्हापूरकरांना यरीहोला जायची गरज नाही. राजवाड्याच्या नोकरीतल्या गंगाराम कांबळे यांना स्पृश्यांच्या पाण्याला शिवले म्हणून मारहाण झाली होती. शाहू महाराजांनी काय केलं? झालं गेलं विसर म्हटलं? मारणाऱ्यांना शिक्षा केली. गंगारामांना पैसे देऊन चहाचं हॉटेल काढायला लावलं. आणि अस्पृश्याच्या हॉटेलात कोण येणार म्हणून लोक फिरकेनात, तेव्हा स्वतः तिथं थांबून चहा प्याले, सोबतच्या स्पृश्यांनाही पाजला. ज्या हाताचं पाणी बाटतं म्हणून मार बसला त्याच हाताचा चहा. पुनःस्थापना म्हणून मोठा शब्द धड्यात असतो, त्याचा अर्थ हा: जी जागा हिसकली तीच जागा, चारचौघांत, परत. बायबल शाळेत हा प्रसंग जक्कयाशेजारी सांगितला तर बिघडेल काय?

आता कुणी ग्लॅडिस स्टेन्स यांचं नाव घेईल. घ्यावंच. १९९९ च्या २२ जानेवारीच्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूरला त्यांचे पती ग्रॅहॅम आणि फिलिप, टिमोथी ही दोन लेकरं गाडीत झोपलेली असताना जाळली. या बाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं सांगितलं आणि बारीपद्याच्या कुष्ठरोग्यांत पुढंही काम केलं. त्या क्षमेपुढं मी मान झुकवतो. पण त्या क्षमेनं खटला थांबला नाही. २००३ साली शिक्षा झाली, २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं मुख्य आरोपीची जन्मठेप कायम केली. मनातला विखार सोडणं एक, गुन्ह्याची शिक्षा दुसरं. आणि क्षमा करायला त्यांना कुणी बाकावर उभं केलं नव्हतं. ती त्यांची त्यांनी दिली.

त्याशेजारी खैरलांजी ठेवा. २९ सप्टेंबर २००६. सुरेखा, प्रियंका, रोशन, सुधीर. एका घरातले चार मुडदे. मागं राहिले भैयालाल भोतमांगे. खून झाल्याचं न्यायालयानं मानलं, शिक्षा दिल्या, पण ॲट्रॉसिटी कायदा लागला नाही. म्हणजे जातीचा गुन्हा झाला हेच मानलं नाही. भैयालाल न्याय मागत मागत २०१७ साली गेले. या माणसाला क्षमेचा धडा शिकवायला कुठला पाळक जाणार होता? अपराधाला त्याचं नावच दिलं जात नाही तिथं क्षमा करायची कशाची?

आणि खुद्द चर्चचं काय? कोल्हापुरात १८५२ साली अमेरिकन मिशनरी वाइल्डर आले. मिरजेला १८९४ साली वॉनलेसांनी दवाखाना उघडला. त्या शाळांत आपली माणसं शिकली, त्या दवाखान्यांत जगली. ते मी पुसत नाही. पण जात चर्चची पायरी चढून आत गेली हे आता त्यांनीच लिहून दिलंय. २०१६ च्या डिसेंबरात कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं दलितांसाठी धोरण जाहीर केलं आणि चर्चमधला जातिभेद कबूल केला. चांगलं झालं. जक्कय उंबरावरनं उतरला. पण चौपट कुठंय? २०२२ साली अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले. इतक्या शतकांत पहिले! अरविंद निर्मल यांनी १९८१ साली बंगलोरच्या धर्मशास्त्राच्या कॉलेजात हाच प्रश्न मांडला, त्यातनं दलित थिऑलॉजी उभी राहिली. ती इंग्रजी पुस्तकांत मोठी झाली. आमच्या वस्तीतल्या बायबल शाळेच्या चित्रांच्या पुस्तकात अजून उतरलेली नाही.

सरकारही यात सुटत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीला धर्माची अट घातली. १९५६ साली शिखांसाठी ती सैल झाली, १९९० साली आपल्या बौद्धांसाठी. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेर राहिले. रंगनाथ मिश्र आयोगानं २००७ साली ही अट काढा म्हणून सांगितलं. १९५६ ला धम्म घेतला म्हणून १९९० पर्यंत आपण काय सोसलं ते आठवा, आणि मग त्या पोरांवर दात काढा.

आता आपल्या अंगणात. आपल्या धम्मवर्गात पोरांना अंगुलिमालाची गोष्ट सांगतो. डाकू बुद्धाला शरण आला, भिक्खू झाला, टाळ्या. मज्झिम निकायातल्या सुत्तात गोष्ट तिथं संपत नाही. तो भिक्षेला जातो तेव्हा लोकांचे दगड, काठ्या लागतात. डोकं फुटतं, भिक्षापात्र फुटतं, चीवर फाटतं. बुद्ध त्याला पाठीशी घालत नाही, हे सोस म्हणतो. ज्यांची माणसं मेली त्यांना बुद्धानं गप्प बसवलं नाही. हा तुकडा आपणही गाळतो. मग पाळकांना कुठल्या तोंडानं विचारणार?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. बायबल शाळा बंद पाडायला जाऊ नका. तिथं जा, मागच्या रांगेत बसा, आणि गोष्ट संपली की पोरांना तीन प्रश्न विचारू द्या: कुणाचं काय गेलं? कुणी नेलं? परत कधी देणार? ताईंना सांगा, जक्कय करणाऱ्या पोराला बाकावरनं उतरल्यावर चौपट मोजायला लावा, खोटे पैसे चालतील, पण मोजून. आपल्या धम्मवर्गातही हेच प्रश्न ठेवा. पाळकांना सांगा, प्रभूच्या प्रार्थनेत मराठी बायबलानं शब्द ऋण वापरलाय. आमच्या पोरांना ऋण सोडायला शिकवण्याआधी ते कुणाच्या नावावर आहे ते फळ्यावर लिहा. हिशेब समोर आला की सोडायचं का, किती सोडायचं, ते आमची पोरं मोठी होऊन ठरवतील. तो हक्क त्यांचा आहे. बाकावर उभं करून तो कुणी काढून घ्यायचा नाही.

जयभीम.