विश्लेषण : पेडल बंद केल्यावर गाणे उरते का? ‘स्लोडाइव्ह’च्या नील हॅल्स्टेडचा सोलो अल्बम काय सांगतो?

गाजलेल्या बँडचा गायक एकट्याच्या नावावर अल्बम काढतो, तेव्हा श्रोत्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘बँडसारखा आहे का?’ उत्तर ‘नाही’ आले की अल्बम बाजूला पडतो. ब्रिटनच्या ‘स्लोडाइव्ह’ या शूगेझ बँडचा गायक-गिटारवादक नील हॅल्स्टेडचा २०१२ मधील ‘पॅलिन्ड्रोम हंचेस’ हा असाच बाजूला पडलेला अल्बम. स्लोडाइव्हला आज नवा, तरुण श्रोता मिळाला आहे. त्यामुळे तरी हा अल्बम नव्याने ऐकायला हवा. कारण त्यात बँडचा आवाज आणि बँडची गाणी या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे स्पष्ट कळते.

शूगेझ म्हणजे नेमके काय?

१९८०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये हा प्रकार रुजला. मंचावर वादकांची नजर सतत खाली असायची. पायाशी इफेक्ट पेडलची रांग असे आणि कोणते कधी दाबायचे, याकडे लक्ष द्यावे लागे. बुटांकडे टक लावून बघणारे म्हणून संगीत साप्ताहिकांनी त्यांना ‘शूगेझ’ म्हणून चिडवले आणि तेच नाव चिकटले. ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’, ‘राइड’ आणि ‘स्लोडाइव्ह’ ही त्यातील ठळक नावे.

पेडलचे काम समजायला सोपे आहे. विजापूरच्या गोल घुमटात टाळी वाजवली की ती पुन्हापुन्हा ऐकू येते. डिले पेडल गिटारच्या सुराचे तेच करते. रिव्हर्ब असंख्य बारीक प्रतिध्वनी एकमेकांत मिसळून सुराला लांब शेपूट देते. डिस्टॉर्शन सिग्नल इतका वाढवते की लहरींचे शेंडे छाटले जातात आणि मूळ सुरात नसलेले स्वरांश तयार होतात. हे तिन्ही एकावर एक चढवले की एकच गिटार भिंतीसारखी उभी राहते. गायकाचा आवाज मुद्दाम मागे ठेवला जातो. शब्द अर्धेच कळतात आणि तेच अपेक्षित असते.

‘स्लोडाइव्ह’चे काय झाले होते?

रेडिंगमध्ये १९८९ मध्ये हॅल्स्टेड आणि त्याची बालमैत्रीण रेचेल गोस्वेल यांनी हा बँड सुरू केला. ‘क्रिएशन रेकॉर्ड्स’ने त्यांना करारबद्ध केले. पहिला अल्बम १९९१ मध्ये आला, दुसरा ‘सुवलाकी’ १९९३ मध्ये. ‘सुवलाकी’मध्ये ब्रायन इनोसारख्या ज्येष्ठ संगीतकाराचा सहभाग होता. तरीही ब्रिटिश संगीत साप्ताहिकांनी बँडला झोडपले. हा अल्बम पुन्हा ऐकण्यापेक्षा लापशीने भरलेल्या टबात बुडून मरणे बरे, अशा आशयाचे एक परीक्षण आजही त्या काळाचा नमुना म्हणून सांगितले जाते.

दरम्यान वारे बदलले. ब्रिटपॉप आले, त्याच क्रिएशनकडे ‘ओअॅसिस’ आला. १९९५ मध्ये ‘पिग्मॅलियन’ हा तिसरा अल्बम आल्यावर थोड्याच दिवसांत कंपनीने स्लोडाइव्हला नारळ दिला.

मग सोलो अल्बमची वाट कशी सापडली?

हॅल्स्टेड, गोस्वेल आणि ड्रमवादक इयन मॅककचन यांनी लगेच ‘मोहावे ३’ हा बँड उभा केला. त्याच १९९५ मध्ये ‘४एडी’ या कंपनीने त्यांचा पहिला अल्बम काढला. तोवर गिटारची भिंत पडली होती. लोकसंगीताच्या वळणाची, संथ, शब्द स्पष्ट कळणारी गाणी होती. २००२ मध्ये हॅल्स्टेडचा पहिला सोलो अल्बम ‘स्लीपिंग ऑन रोड्स’ आला. २००८ मध्ये दुसरा ‘ओह! माइटी इंजिन’ गायक जॅक जॉन्सनच्या ‘ब्रशफायर रेकॉर्ड्स’ने काढला. जॉन्सन सर्फर आणि कॉर्नवॉलमध्ये राहणारा हॅल्स्टेडही सर्फिंगचा वेडा. तिसरा ‘पॅलिन्ड्रोम हंचेस’.

या अल्बममध्ये वेगळे काय?

ऑक्सफर्डशायरमधील वॉलिंगफर्ड गावातल्या एका प्राथमिक शाळेच्या संगीताच्या खोलीत हा अल्बम ध्वनिमुद्रित झाला. निक होल्टन निर्माता होता आणि स्थानिक वादक साथीला. अकूस्टिक गिटार, व्हायोलिन, पियानो, डबल बास, एवढाच पसारा. सगळे एका खोलीत बसून वाजवत आहेत, हे ऐकताना जाणवते. सुवलाकीमध्ये जो आवाज धुक्यातून येत होता, तो इथे कानाशी बोलतो. बोटे तारेवरून सरकल्याचा आवाजही लपवलेला नाही.

पॅलिन्ड्रोम म्हणजे उलटसुलट सारखेच वाचता येणारे वाक्य. मराठी शाळेत प्रत्येकाने ‘रामाला भाला मारा’ पाठ केलेले असते. हॅल्स्टेडच्या वाटचालीलाही हे शीर्षक शोभते. बहुतेक गाणी आधी एका गिटारवरच सुचतात, त्यांवर थर नंतर चढतात. तो थर उतरवत पुन्हा त्या एका गिटारपाशी आला.

व्हिटगेनस्टाइनच्या हाताचा काय संबंध?

अल्बममधील एका गाण्याचे नाव ‘व्हिटगेनस्टाइन्स आर्म’ आहे. हा संदर्भ तत्त्वज्ञ लुडविगचा नव्हे, त्याचा भाऊ पाउलचा. व्हिएन्नाच्या या पियानोवादकाने पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावला. त्याने पियानो सोडला नाही. फक्त डाव्या हातासाठी रचना करून देण्याची विनंती त्याने मोठ्या संगीतकारांना केली. फ्रेंच संगीतकार मॉरिस रावेलने त्याच्यासाठी लिहिलेला कॉन्चेर्तो १९३२ मध्ये व्हिएन्नात प्रथम वाजवला गेला आणि आज दोन्ही हात शाबूत असलेले पियानोवादकही तो डाव्या हातानेच वाजवतात.

हॅल्स्टेडने पेडल स्वखुशीने बाजूला ठेवली, त्याची तुलना हात गमावण्याशी होऊ शकत नाही. पण प्रश्न एकाच जातीचा आहे. ज्या साधनामुळे ओळख मिळाली ते नसेल, तर उरलेल्यातून पूर्ण संगीत होते का? रावेलची रचना एका हाताची सवलत मागत नाही. ‘पॅलिन्ड्रोम हंचेस’मधील चांगली गाणीही स्लोडाइव्हच्या पुण्याईवर उभी नाहीत.

मग नाराज श्रोते चुकतात का?

पूर्णपणे नाही. शूगेझमध्ये आवाजाचा पोत हा सजावटीचा भाग नसतो, तीच रचना असते. ‘पेडल काढा आणि गाणे दाखवा’ ही कसोटी लावली तर या प्रकारातील अनेक उत्तम रचना नापास होतील आणि तो अन्याय ठरेल. शिवाय हा अल्बम निर्दोषही नाही. गाण्यांची लय एकसारखी आहे, उत्तरार्धात दोन गाणी एकमेकांत मिसळून जातात. पोत बदलायला पेडल नसले की ही उणीव उघडी पडते.

पण नाराजीचे नेहमीचे कारण हे नसते. श्रोत्याला आपल्या विशीतला आवाज परत हवा असतो आणि तो न दिल्याची शिक्षा कलाकाराला मिळते. १९९३ मध्ये समीक्षकांनी स्लोडाइव्हवर ‘चालू काळासारखे नाहीत’ म्हणून राग काढला, नंतर चाहत्यांनी ‘जुन्या काळासारखा नाही’ म्हणून हॅल्स्टेडकडे पाठ फिरवली. दोन्ही वेळा समोरचे गाणे ऐकायचे राहूनच गेले.

पुढे काय झाले?

२०१४ मध्ये स्लोडाइव्ह पुन्हा एकत्र आला. २०१७ मध्ये बँडच्याच नावाचा आणि २०२३ मध्ये ‘एव्हरीथिंग इज अलाइव्ह’ हा अल्बम आला. दुसरा ब्रिटनच्या पहिल्या दहा अल्बममध्ये पोहोचला. एकेकाळी हाकललेल्या बँडसाठी हा मोठा न्याय आहे. या नव्या अल्बममध्ये भिंत परतली आहे, पण तिच्यामागे चाली अधिक ठाशीव आणि नेमक्या आहेत. मधली वीस वर्षे साध्या गिटारवर गाणी लिहिण्यात गेली, त्याचा हा परिणाम मानायला जागा आहे.

म्हणून सोलो अल्बमला ‘बँड नसतानाचा वेळकाढूपणा’ समजणे चूक आहे. स्ट्रीमिंग अॅपवर स्लोडाइव्हच्या पानावर हॅल्स्टेडचे हे अल्बम दिसत नाहीत, त्याचे नाव वेगळे शोधावे लागते. ‘सुवलाकी’ आवडलेल्या श्रोत्याने तेवढी तसदी घ्यावी. फक्त ऐकताना भिंत शोधू नये.