गल्ल्यावरचा पहारेकरी

शनिवारची सायंकाळ असावी, बेंगळुरूच्या कमर्शियल स्ट्रीटवर पाय ठेवायला जागा नसावी आणि कपड्यांच्या दुकानात गल्ल्यावरची विशी-बाविशीची एखादी मुलगी एका हाताने पिशवी भरत, दुसऱ्या हाताने कार्डयंत्र पुढे करत असावी. नेमक्या त्या क्षणी समोरचा गृहस्थ घाईने म्हणतो, "चिप चालत नाही, पट्टी घासून घ्या." त्या व्यवहाराचे भवितव्य पुढच्या काही सेकंदांत ठरते. रिझर्व्ह बँक, कार्ड देणारी बँक, यंत्र बसविणारी बँक, सारे त्या वेळी दूर असतात. जवळ असते ती एकटी ती मुलगी. क्रेडिट कार्डाच्या सुरक्षिततेची चर्चा करताना नेमका तिचाच विसर पडतो, ही खेदाची बाब होय.

भारतात सेंट्रल बँकेने १९८० मध्ये क्रेडिट कार्ड आणले, त्या काळी पावतीवर कार्डाचा ठसा उमटवून घेत आणि स्वाक्षरी ताडून पाहत. सुरक्षिततेचा सारा भार दुकानदाराच्या नजरेवर होता. पुढे तंत्रज्ञानाने हा भार उचलला. संगणकावरून होणाऱ्या खरेदीसाठी १ ऑगस्ट २००९ पासून जादा पडताळणी सक्तीची झाली. केवळ चुंबकीय पट्टी असलेली कार्डे बदलून चिप व पिन असलेली कार्डे देण्यासाठी बँकांना ३१ डिसेंबर २०१८ ची मुदत होती. पट्टीवरील माहिती चोरून हुबेहूब दुसरे कार्ड बनविणे पूर्वी सोपे होते. चिपमुळे ते अतिशय अवघड झाले. या सुधारणांचे मोल वादातीत आहे. मात्र त्यातून 'आता यंत्रच सारे पाहील' असा एक गैरसमजही रुजला.

यंत्र पिन तपासते, माणूस तपासत नाही. १ जानेवारी २०२१ पासून ५००० रुपयांपर्यंतची खरेदी कार्ड यंत्राला केवळ टेकवून, पिनशिवाय करता येते. सोय मोठी, पण हरवलेले कार्ड ज्याच्या हाती पडेल त्यालाही तीच सोय. काही परदेशी कार्डे आजही स्वाक्षरीवर चालतात आणि बेंगळुरूसारख्या शहरात परदेशी पाहुण्यांची वर्दळ नवी नाही. शिवाय 'बँकेकडून यंत्र दुरुस्तीला आलो आहे' असे सांगून यंत्रच बदलून नेणारे महाभागही असतात.

अशा वेळी उपयोगी पडते ती विक्रेत्याची जाणती नजर. माप, रंग, किंमत यांची चौकशी न करता महागड्या वस्तू उचलणारा. एक कार्ड नाकारले गेले की लगेच दुसरे, तिसरे पुढे करणारा. मोठ्या रकमेचे बिल ५००० च्या आतल्या तुकड्यांत फोडून मागणारा. दुकान बंद होण्याच्या वेळी येऊन घाई करणारा. यांपैकी एखादी गोष्ट घडली म्हणजे समोरचा लबाड आहे असे नव्हे. मात्र दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या तर क्षणभर थांबणे शहाणपणाचे. चिप व पिनचा आग्रह धरावा, ओळखपत्र नम्रपणे मागावे, वरिष्ठांना बोलवावे, यंत्र देणाऱ्या बँकेच्या मदत क्रमांकावर विचारावे. आरोप करू नये आणि जीव धोक्यात घालून कार्ड हिसकावून घेण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये.

हे सांगणे सोपे, आचरणे कठीण. ओळखपत्र मागितले की "मी चोर दिसतो काय?" असा प्रश्न येतो. ग्राहक रागावून निघून गेला तर मालक बोलतो आणि न विचारता व्यवहार केला व तो खोटा ठरला तरीही मालकच बोलतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला कवच दिले: त्रयस्थाने केलेल्या फसवणुकीत बँकेची वा ग्राहकाची चूक नसेल आणि ती तीन कामकाजाच्या दिवसांत कळविली, तर ग्राहकावर भार नाही. व्यापाऱ्याचा बँकेशी करार असतो. विक्रेत्याच्या हाती मात्र काहीच नसते. नुकसान त्याच्या पगारातून वळते झाले, तर ते चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखे ठरेल. काही विक्रेत्यांनीच ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरल्याचे प्रकार घडले आहेत, हे नाकारता येणार नाही. तथापि त्यावरचा उपायही प्रशिक्षण आणि देखरेख हाच आहे, सरसकट संशय नव्हे.

म्हणून बँकांनी यंत्र बसवून परतू नये. यंत्रासोबत तासाभराचे प्रशिक्षण द्यावे आणि नोकर बदलले की ते पुन्हा द्यावे. बेंगळुरूच्या दुकानांत कन्नड, तमिळ, हिंदी बोलणारी मुले-मुली काम करतात. सूचनांचा फलक त्यांना समजेल अशा भाषेत असावा. त्यावर बँकेचा मदत क्रमांक आणि सायबर फसवणुकीसाठीचा १९३० हा राष्ट्रीय क्रमांक ठळकपणे असावा. याच शहरात २००१ मध्ये स्वतंत्र सायबर गुन्हे पोलीस ठाणे सुरू झाले. सजगतेचा तो वारसा दुकानाच्या गल्ल्यापर्यंत पोहोचायला हवा. व्यापाऱ्यांनीही एक नियम लिहून लावावा: नियमानुसार केलेल्या चौकशीमुळे ग्राहक गमावला, तरी विक्रेत्याला दोष दिला जाणार नाही.

राहिला ग्राहक. पिन मोठ्याने सांगणे, कार्ड नजरेआड जाऊ देणे, हे त्याने टाळावेच. आणि एखाद्या मुलीने अदबीने "सर, ओळखपत्र दाखवता का?" असे विचारले, तर कपाळाला आठी घालण्याऐवजी तिचे आभार मानावेत. उद्या त्याचेच हरवलेले कार्ड दुसऱ्या कुणाच्या हाती असेल, तेव्हा तोच प्रश्न त्याचे पैसे वाचवील.