सुईणीची विद्या व आमच्या मुली

आपल्या खेड्यापाड्यांत मूल जन्मास आलें म्हणजे पूर्वीं दोन माणसें दारांत येत. एक सुईण व दुसरा जोशी. सुईण रात्रभर जागलेली, हात रक्तानें भरलेले. जोशी सकाळीं स्नान करून, गंध लावून, पंचांग काखेंत मारून आलेला. पत्रिकेस जन्मवेळ लागते. ती सांगणार कोण? जिनें नाळ कापली ती. म्हणजे जोशाचें सगळें ज्योतिष मांगिणीच्या एका शब्दावर उभें! तरी पण शिधा, दक्षिणा व पाटावरचा मान जोशाचा. आणि सुईणीस सुपांत घातलेले चार शेर जोंधळे, फार तर खण-नारळ, तोही उंबऱ्याबाहेरून. बाळंतिणीस न्हाऊं-माखूं घालतांना जे हात चालत, त्याच हातांचा सोयर फिटतांच विटाळ होऊं लागे. हा व्यवहार भटाच्या घरींच चाले असें नाहीं. पाटलाच्या वाड्यांतही असाच चाले. हें आधींच सांगून ठेवितों, कारण आम्हांस जें म्हणावयाचें आहे तें दुसऱ्यांस शिव्या देऊन संपणारें नाहीं.

आतां काळ पालटला आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांत १०० पैकीं सुमारें ९५ बाळंतपणें दवाखान्यांत होतात. गांवची सुईण जवळजवळ नाहींशी झाली, आणि तिच्या नांवानें आम्ही गळा काढणार नाहीं. विळ्यानें नाळ कापावी, तीवर राख अगर शेण लावावें, आणि आठवड्याच्या आंत पोर धनुर्वातानें आंखडून जावें, हें आमच्या आज्यांनीं डोळ्यांनीं पाहिलेलें आहे. बाळंतिणी व अर्भकें यांचा धनुर्वात हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतांतून हटला, अशी ग्वाही जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं दिली. ती कमाई लशीची व स्वच्छ पात्याची आहे. जुन्या चालीचे गोडवे गाणाऱ्यांनीं तें विसरूं नये. आमचा प्रश्न निराळा आहे. सुईण गेली, पण तिचें काम गेलें नाहीं. तें काम आतां सर्टिफिकेटाचें झालें, पगाराचें झालें, त्यास इंग्रजी नांव मिळालें. ज्यांच्या घरांत तें पिढ्यान्‌पिढ्या होतें त्यांच्या लेकींच्या वाट्यास या नव्या विद्येंतलें किती आलें, आणि जें आलें तें कोणत्या दर्जाचें?

या सेवेचा पहिला धडा आमच्याच घरीं घातला गेला. १८६३ सालीं जोतीराव फुल्यांनीं पुण्यांत आपल्या घरीं बालहत्या प्रतिबंधक गृह काढिलें. तेथें येणाऱ्या विधवा बहुतेक ब्राह्मणांच्या. १८८४ सालीं जोतीरावांनीं जो हिशोब दिला त्यांत ३५ विधवा तेथें बाळंत झाल्याचें व त्यांचीं अवघीं ५ मुलें हयात असल्याचें नमूद आहे; बाकीचीं पोटांत असतांच विषारी औषधांनीं दुखावलेलीं होतीं. त्या बायकांचें दुखणें-खुपणें सावित्रीबाईंनीं पाहिलें. काशीबाईचें मूल त्यांनीं पोटाशीं धरिलें, त्याचा पुढें डॉ. यशवंत झाला. १८९७ च्या प्लेगांत रोग्यांची शुश्रूषा करितां करितां १० मार्च रोजीं सावित्रीबाईंनीं देह ठेविला. आमच्या सभांतून त्यांची तसबीर शिक्षिका म्हणून लागते. ती परिचारिका म्हणूनही लागली पाहिजे.

पुढें सरकार जागें झालें. १८८५ सालीं डफरिन फंड निघाला, १८८६ सालीं मुंबईस कामा हॉस्पिटल उघडलें, १९०३ सालीं सुइणींस शिकविण्याकरितां लेडी कर्झन यांनीं व्हिक्टोरिया फंड काढिला. त्या काळचे कागद वाचावे तर सूर एकच: सुईण घाण, अडाणी, हलक्या जातीची. घाण व अडाणी हें पुष्कळसें खरें होतें. पण कोणती वेण खरी व कोणती खोटी हें नुसत्या बोटांनीं ओळखणारी, आडवें मूल पोटावरून चांचपून सांगणारी बाई केवळ टाकाऊ कशी? तिच्या ज्ञानांतलें खरें तेवढें ठेवून खोटें काढून टाकावें व तिच्याच मुलीस पुढच्या वर्गांत बसवावें, हा सरळ मार्ग होता. तो सोडून आईस नांवें ठेविलीं गेलीं आणि मुलीस कोणी बोलाविलेंच नाहीं.

ज्यांनीं या वेळीं हातपाय हलविले त्यांचें श्रेय आम्ही नाकारीत नाहीं. जे. जे. इस्पितळांत शिकण्यास आलेली पहिली हिंदी परिचारिका म्हणून १८९१ सालच्या बाई काशीबाई गणपत यांचें नांव सांगतात. मिरजेस डॉ. वानलेस यांच्या मिशन इस्पितळानें ख्रिस्ती मुलींस तयार केलें. रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानें १९०९ सालीं उभ्या राहिलेल्या पुण्याच्या सेवासदनानें विधवा बायकांना ससून इस्पितळांत हें काम शिकण्यास धाडिलें, आणि त्याबद्दल त्यांच्याच आळींत टोमणेही ऐकून घेतले. त्या दिवसांत आमचे इनामदार, आमचे देशमुख, बहुजनसमाजाच्या उन्नतीवर टाळ्या घेणारे आमचे पुढारी काय करीत होते? पोरींस पडद्यांत ठेवीत होते. परक्याच्या अंगास हात लावणारी आमच्या कुळांतली नव्हे, हें त्यांचें उत्तर. सुतार समाजांतल्या रखमाबाई १८९४ सालीं विलायतेंत डॉक्टर झाल्या व सुरत-राजकोटास बायकांच्या इस्पितळांत राबल्या. आमच्यांतल्या पुष्कळांस त्यांच्या खटल्यापलीकडे त्यांचें कांहीं ठाऊक नाहीं. या शहाण्णव कुळी ऐटीचा आणि सरकारी अनास्थेचा एकत्र हिशोब १९४६ सालच्या भोर कमिटीच्या अहवालांत छापलेला आहे. ब्रिटिश हिंदुस्थानांत त्या वेळीं सुमारें ७,००० नर्सेस, म्हणजे ४३,००० माणसांमागें एक. आणि शिकलेल्या सुइणी सुमारें ५,०००, म्हणजे ६०,००० माणसांमागें एक.

आज तशी स्थिति राहिली नाहीं, ही आनंदाची गोष्ट. माळी, मराठे, धनगर, वंजारी, बौद्ध, मातंग, आदिवासी अशा सर्व घरांतल्या मुली बारावी होतात आणि नर्सिंगाचा फॉर्म भरतात. ए.एन.एम. दोन वर्षांचें, जी.एन.एम. तीन वर्षांचें, बी.एस्सी. चार वर्षांचें. कोरडवाहू शेताच्या बापास लवकर हातीं येणारा पगार दिसतो, त्यांत त्याचा दोष नाहीं. दोष आहे तो या मुलींच्या नांवावर दुकानें मांडणाऱ्यांचा. भाड्याच्या इमारतींत वर्ग, दारावर पाटी, आणि संस्थेस स्वतःची बाळंतखोली नाहीं. मग मुलींच्या टोळ्या जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळांत धाडावयाच्या. तेथें आधींच दुसऱ्या चार संस्थांच्या मुली उभ्या. एक बाई अडलेली, आणि तिच्या पायांशीं दहा माना ताणलेल्या! अशा एका संस्थेंतून बाहेर पडलेल्या मुलीनें आम्हांस आपली नोंदवही दाखविली. वहींत बाळंतपणें वीस. स्वतःच्या हातांनीं किती केलीं म्हणून विचारितां तिनें तीन बोटें वर केलीं. बाकीचीं सतरा मैत्रिणीच्या वहीवरून उतरलेलीं, आणि तिची वही कोणाच्या वहीवरून उतरली तें देव जाणे. या मुलीस आम्ही दोष देत नाहीं. तिनें फी भरली होती, रात्रपाळ्या केल्या होत्या, वॉर्डांतल्या खाटा पुसल्या होत्या. तिला फुकटची मोलकरीण म्हणून वापरिलें आणि शिकविलें मात्र नाहीं.

यांत प्राणाशीं गांठ आहे, म्हणून आम्ही इतकें तावातावानें लिहितों. मूल बाहेर येतांच मिनिटाच्या आंत आईस ऑक्सिटोसिनचें दहा युनिटांचें इंजेक्शन द्यावयाचें, कारण वार पडतांना होणारा रक्तस्राव हा बाळंतिणीचा मोठा वैरी. पोर रडलें नाहीं तर त्यास पुसून, चोळून, तरीही श्वास न घेतला तर पिशवी व मुखवट्यानें हवा द्यावयाची, तीही पहिल्या मिनिटांतच. कळा जोमांत आल्यापासून गर्भाशयाचें तोंड किती उघडलें हें चार-चार तासांनीं व बाळाचे ठोके किती हें अर्ध्या-अर्ध्या तासानें पार्टोग्राफच्या कागदावर मांडावयाचें, म्हणजे बाई अडणार कीं मोकळी होणार हें वेळेवर कळतें व वाहन बोलावितां येतें. हें पुस्तक घोकून येत नाहीं. शिकलेल्या बाईनें शेजारीं उभें राहून, हात धरून शिकविलें तर येतें. जुनी सुईण सुनेस असेंच शिकवी. आमच्या मुलीची नेमणूक उद्यां पांच हजार वस्तीच्या उपकेंद्रावर, आदिवासी भागांत असेल तर तीन हजारांच्या उपकेंद्रावर होते. मध्यरात्रीं तेथें डॉक्टर नसतो. तेथें वहींतलीं सतरा बाळंतपणें उपयोगीं पडत नाहींत.

दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. शहरांतल्या बाईस डॉक्टर मिळतो, पण धीर धरणारा मनुष्य मिळत नाहीं. सिझेरियनानें प्राण वाचतात, त्याविरुद्ध आमचें कांहीं म्हणणें नाहीं. परंतु १९८५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें शंभरीं १० ते १५ हें प्रमाण पुरेसें म्हणून सांगितलें असतां २०१९-२१ च्या पाहणींत महाराष्ट्राचें प्रमाण २५.४ भरलें. देशभर सरकारी दवाखान्यांत १४.३ आणि खासगींत ४७.४! सरकारी दारांतल्या व खासगी दारांतल्या बायकांचीं हाडें काय निरनिराळीं असतात? खासगीच्या दारांत अडलेल्या गुंतागुंतीच्या बायका अधिक येतात असें कोणी म्हणेल. थोडें तसें असेलही, पण तिपटीहून अधिक फरक त्यानें भरून निघत नाहीं. सरळ बाळंतपण ज्यांच्या हातीं सोंपवावें अशा प्रसाविका तयार कराव्या, हें केंद्र सरकारनेंही डिसेंबर २०१८ मध्यें मार्गदर्शक तत्त्वें काढून मान्य केलें; त्यासाठीं नर्सेसना अठरा महिन्यांचें जादा शिक्षण ठरविलें. कागद चांगला आहे. मात्र आपल्या तालुक्याच्या रुग्णालयांत अशी प्रसाविका किती वाचकांस भेटली, हें त्यांनीं स्वतःशींच विचारून पाहावें. गंमत अशी कीं मांगिणीच्या हातीं होती तोंवर ही विद्या विटाळाची. तीच विलायतेहून मिडवाइफरी होऊन आली कीं मोठें शास्त्र!

आमच्या मुलींस हें झेपेल काय, अशी शंका अजून कोणी कुजबुजतो. त्यास दोन गांवें दाखवितों. जामखेडास १९७० पासून डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं खेड्यांतल्या बायकांस आरोग्याचें काम शिकविलें. त्यांत कित्येक दलित, कित्येकींस अक्षरओळखही नव्हती. ज्या वाड्यांत त्यांना ओसरीवर बसूं देत नसत, त्याच वाड्यांतल्या सुना त्यांच्या हातीं बाळंत होऊं लागल्या. दुसरें उदाहरण गडचिरोलीचें. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं ३९ गांवांत गांवच्याच बायकांस नवजात बाळाची घरच्या घरीं काळजी घेण्यास शिकविलें, आणि नवजात मुलांच्या मृत्यूंचें प्रमाण ६२ टक्क्यांनीं खालीं आलें. १९९९ सालीं हें लॅन्सेट या विलायती वैद्यकाच्या पत्रांत छापून आलें. तेथें बुद्धीची परीक्षा जातीनें किंवा इंग्रजीनें झाली नाहीं. शिकविणारा मनापासून शिकवीत होता, एवढाच भेद.

आणि आतां घरचें बोलूं. दवाखान्यांत आपण तिला सिस्टर म्हणतों. बहीण म्हणण्यास पैसा पडत नाहीं. सोयरीक जुळवितांना मात्र मुलगी नर्स आहे असें कळतांच वरपक्षाचें तोंड आंबट होतें, रात्रपाळीचा प्रश्न निघतो, लग्नानंतर नोकरी सोडणार काय म्हणून विचारतात. ज्या सासूची तीन बाळंतपणें नर्सच्या हातून सुखरूप झालीं तीच हें विचारते! त्यांतून सरकारही या बायकांस कायम करावयास राजी नसतें. अकरा-अकरा महिन्यांचीं कंत्राटें, निम्मा पगार. २०२२ सालीं भरती बाहेरच्या कंपन्यांकडून करण्याच्या बेताविरुद्ध सरकारी परिचारिकांस संपावर जावें लागलें. त्यांच्या मागण्यांस आमचा पाठिंबा तेव्हांही होता व आजही आहे. परंतु नवरा-सासऱ्यांचें मत बदलण्यास संप लागत नाहीं.

बारावीचा निकाल लागला म्हणजे संस्थांचे दलाल गांवोगांव फिरूं लागतात. आमच्या बांधवांनीं फी भरण्यापूर्वीं कांहीं गोष्टी तोंडावर विचाराव्या. संस्थेस महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे काय, व तिचा कागद कोठें आहे? मुलींस ज्या इस्पितळांत नेतात तेथें महिन्यास बाळंतपणें किती, आणि त्या दारांत दुसऱ्या संस्था किती? बाळंतखोलींत मुलींबरोबर शिकविणारी बाई उभी राहते, कीं मुलींस सोडून परत येते? आठ लाखांच्या आंत उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींचें शिकवणी व परीक्षा शुल्क २०२४ सालच्या शासन निर्णयानें माफ झालें आहे. तें या अभ्यासक्रमास व या संस्थेंतील प्रवेशास लागू आहे काय? अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींनीं आपल्या शिष्यवृत्तीचें असेंच विचारावें. वसतिगृहाचे पैसे निराळे, ते आधींच लिहून मागावे. आणि मागच्या वर्षीं बाहेर पडलेल्या दोघी-तिघींचीं नांवें घेऊन त्यांच्या घरीं जाऊन यावें. खरी माहिती तेथें मिळते. हें विचारितां ज्या संस्थेचा कारकून खेंकसेल, तेथून पावती न फाडतां सरळ एस.टी. धरावी.